भोजली, फाता आणि नंदिया बैल

भिलाईत मैत्रीच्या नावाची एक मोठी बाग आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. त्यातून दुर्गजवळच्या भातशेतीच्या मुलखात पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. या दोन देशांच्या स्नेहाची आठवण म्हणून कारखान्यानं १९७२ मध्ये मैत्री बाग वसवली. तिथलं प्राणिसंग्रहालय, विशेषतः पांढरे वाघ पाहायला आजही लांबून माणसं येतात.

कारखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून याच मुलखातल्या खेड्यांत मैत्रीची खूण टोपलीत पेरली जात आली आहे. श्रावणात बांबूच्या टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवायचे, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते तळ्यावर न्यायचे आणि त्यातली एक जुडी मनातल्या मैत्रिणीच्या कानामागे खोचायची. तिथून पुढे त्या दोघी एकमेकींच्या ‘भोजली’ होतात आणि आयुष्यभर भोजलीच राहतात.

मैत्रीदिनाला दोऱ्यांचे पट्टे विणणं, राज्याच्या स्थापनादिनाला शाळेत कागदाचे नकाशे आणि चित्रं करणं हे आता सगळीकडे चालतं. मुलांच्या हातांना काम मिळतं, ही त्यातली चांगली गोष्ट. पण छत्तीसगडकडे याहून खोल अशी स्वतःची रीत आहे. तिच्यात मैत्रीची वस्तू आणि मुलखाची वस्तू वेगवेगळी नसते. धान, माती, बांबू, मेण, पितळ या तिथल्याच गोष्टींतून ती घडते, आणि म्हणून एकाच वस्तूत सोबत्याचा आणि मातीचा, दोघांचाही मान राखला जातो. ही रीत भिलाईतल्या मराठी घरांनी आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनीही नीट समजून घ्यावी इतकी मोलाची आहे.

साक्षीनं जोडलेलं नातं

छत्तीसगडमध्ये जिवलग मित्राला मितान आणि मैत्रिणीला मितानीन म्हणतात. ही मैत्री मनातल्या मनात ठेवायची नसते, ती रीतसर बांधायची असते. दोघं जण एखादी पवित्र मानलेली वस्तू एकमेकांना देतात. घरची, गावची वडीलधारी माणसं साक्षीला असतात. ज्या वस्तूची देवघेव झाली तिच्याच नावानं पुढे एकमेकांना हाक मारायची. जगन्नाथपुरीचा प्रसाद दिला-घेतला तर दोघं ‘महापरसाद’ होतात. गंगेचं पाणी दिलं तर ‘गंगाजल’, तुळशीचं पान दिलं तर ‘तुलसीदल’, नवरात्रातले अंकुर दिले तर ‘जवांरा’. रथयात्रेत मिळणाऱ्या भिजवलेल्या मुगाच्या प्रसादावरून ‘गजामूंग’ होतात, तर श्रावणातल्या अंकुरांवरून ‘भोजली’.

एकदा नातं बांधलं की मितानाचं मूळ नाव तोंडी घ्यायचं नाही. रस्त्यात भेट झाली तर ‘सीताराम भोजली’ किंवा ‘सीताराम महापरसाद’ असं म्हणायचं. मितानाचे आईवडील आपले ‘फूल दाई’ आणि ‘फूल ददा’ होतात. दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नकार्याला, मयतीला, अडीअडचणीला घरच्यासारखी उभी राहतात. जातीची बंधनं घट्ट असलेल्या गावगाड्यात हे नातं जातीपलीकडेही जोडता येत होतं, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. रक्ताचं किंवा सोयरिकीचं नसलेलं, माणसानं स्वतः निवडलेलं आणि तरीही गावानं मान्य केलेलं असं हे नातं आहे.

या नात्यावर लोकांचा किती विश्वास आहे याचा पुरावा सरकारी कामातही सापडतो. राज्य झाल्यावर छत्तीसगडनं २००२ मध्ये वस्तीवस्तीतून एकेका बाईला आरोग्यसेविका म्हणून निवडायची योजना सुरू केली, आणि तिला नाव दिलं मितानीन. देशभरात ‘आशा’ कार्यकर्त्या नेमणारं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान त्यानंतर, २००५ मध्ये आलं. तापानं फणफणलेल्या लेकराला घेऊन अर्ध्या रात्री जिचं दार ठोठावता येईल ती कोण, याचं उत्तर खेड्यातल्या बाईला त्या एका नावात मिळालं.

टोपलीतली भोजली

भोजलीची पेरणी साधारणपणे श्रावण शुद्ध सप्तमी ते नवमीच्या सुमारास होते. बांबूची लहान टोपली घ्यायची. तिच्यात काळी माती आणि खत मिसळून घालायचं. पुष्कळ गावांत यासाठी कुंभाराच्या आव्यातली राखमाती आणतात. वर भिजवलेले गहू दाट पसरायचे आणि पातळशा मातीनं झाकायचे. मग ती टोपली घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची आणि रोज हळदीचं पाणी शिंपडायचं. संध्याकाळी मुली आणि बायका टोपलीभोवती बसून भोजलीची गाणी म्हणतात. गंगेला देवी म्हणून आळवणाऱ्या या गाण्यांत पाऊस मागितलेला असतो, शेताची वाढ मागितलेली असते.

राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन मिरवणूक निघते. उत्तरेकडच्या पंचांगात पौर्णिमेला महिना संपतो, म्हणून तिथे तो दिवस भाद्रपदातला, आणि आपल्या पंचांगात श्रावण वद्य प्रतिपदा. तळ्यात टोपली बुडवून मुळांची माती धुतात. थोडे अंकुर देवाला वाहतात, थोडे मोठ्यांच्या हाती देऊन पाया पडतात, आणि उरलेल्यांतून मैत्री जोडली जाते.

हे अंकुर हिरवे नसतात, फिकट पिवळे आणि लांबसडक असतात. श्रद्धेनं त्याचं श्रेय हळदीला दिलं जातं. खरं काम अंधाराचं असतं. गव्हासारख्या वनस्पतीला हरितद्रव्य तयार करण्याच्या शेवटच्या टप्प्यातली एक पायरी ओलांडायला उजेड लागतो. तो नसला की हिरवा रंग तयारच होत नाही आणि पानांत आधीपासून असलेली पिवळी रंगद्रव्यं दिसू लागतात. अंकुराला जणू अजून मातीखालीच असल्यासारखं वाटतं, म्हणून तो जाडी आणि पानांचा पसारा बाजूला ठेवून सगळा जोर उंची वाढवण्यावर लावतो. अन्न तयार करता येत नसल्यामुळे ही वाढ दाण्यात साठवलेल्या पिठावर चालते, आणि ती शिदोरी थोड्या दिवसांचीच असते. पेरणीपासून मैत्रीच्या दिवसापर्यंत साधारण आठवड्याचं जे अंतर ठरलं आहे, ते या शिदोरीशी अगदी जुळतं. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक न उघडता बायकांनी हे गणित अनुभवातून पक्कं केलेलं आहे.

आपल्या घरी भोजली करायची तर फार काही लागत नाही. गहू आठ-दहा तास भिजवावेत. बियाण्याच्या दुकानातले गुलाबी किंवा लाल रंग दिलेले गहू घेऊ नयेत, त्यांना औषध लावलेलं असतं. घरच्या डब्यातले चांगले. टोपलीत दोन-तीन बोटं माती पुरे. दाणे एकमेकांना खेटून, पण एकावर एक न येतील असे पसरावेत. पाणी शिंपडावं, ओतू नये. पावसाळी हवेत पाणी साचलं की बुरशी धरते. टोपली कपाटात किंवा मोठ्या पातेल्याखाली झाकून ठेवावी आणि दिवसातून दोनदा उघडून पाहावी. आठवडाभरात वीतभर उंचीचे सोनसळी अंकुर हाती येतात.

मराठी माणसाला यातलं काहीच परकं नाही. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात, आणि दसऱ्याला ते अंकुर टोपीत किंवा कानावर खोचून आपट्याची पानं वाटायला बाहेर पडतात. भंडारा-गोंदियाकडे राखीनंतर भुजली निघते, ती तर भोजलीची सख्खी बहीण. दसऱ्याच्या सोन्यानं आपण वर्षभराचे रुसवे मिटवतो, आणि छत्तीसगडच्या माणसानं त्याच अंकुरांतून नवं नातं जोडायची रीत काढली.

दारावरचं धान

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात आणि ते शोभतंही. डॉ. रा. ह. रिछारिया या भातशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात रायपूरला बसून गावोगावचे हजारो धानवाण गोळा केले. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचा साठा आहे. त्यात सोनेरी लोंब्यांबरोबर काळ्या, तांबड्या, जांभळट आणि लांब कुसळांच्या लोंब्याही आहेत. हातानं काही करणाऱ्याला निसर्गानंच दिलेली ही रंगपेटी आहे.

कापणीच्या दिवसांत याच लोंब्यांची जाळीदार झालर गुंफून घराच्या दारावर टांगतात. तिला कुठे फाता म्हणतात, कुठे पहटा, तर कुठे चिरई चुगनी. नवं पीक लक्ष्मीला पहिल्यांदा दाखवायचं आणि त्यातला पहिला घास चिमण्यांना द्यायचा, असे दोन हेतू त्यात आहेत. माणसानं मैत्री फक्त माणसाशीच करायची नसते, हे त्या दारावर लिहिल्याइतकं स्पष्ट असतं. कोकणात दसऱ्याच्या सुमारास भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि फुलं एकत्र करून दारावर ‘नवं’ बांधतात, आणि गोव्यातही नव्या कणसांचा मान होतो. भात पिकवणाऱ्या मुलखांच्या मनात एकच विचार आला, यात नवल नाही.

फाता करायचा तर लोंब्या पूर्ण वाळायच्या थोड्या आधी, देठासकट कापाव्या लागतात. उशीर झाला तर दाणे झडतात. कापलेली जुडी सावलीत सुकवायची. गुंफायच्या आधी काड्या पाण्यात भिजवायच्या, म्हणजे त्या मोडत नाहीत, वळतात. तीन-तीन, चार-चार काड्यांचे पेड घेऊन वेणी घालत जायचं, एका वेणीची काडी शेजारच्या वेणीत अडकवायची, म्हणजे जाळी तयार होते आणि दाण्यांचे झुपके खाली लोंबत राहतात. दोन जणांनी समोरासमोर बसून केलं तर काम झरझर होतं. एकानं ताण धरायचा, दुसऱ्यानं वेणी घालायची. अलीकडे छत्तीसगडच्या बचत गटांतल्या महिला धानाच्या आणि बांबूच्या राख्याही करू लागल्या आहेत. जुन्या फात्याचंच ते मनगटावर मावेल एवढं रूप.

मातीचे सोबती

श्रावण अमावास्येला आपण पोळा साजरा करतो, तोच छत्तीसगडचा ‘पोरा’. त्या दिवशी मुलग्यांच्या हाती चाकांवर चालणारा मातीचा ‘नंदिया बैला’ येतो आणि मुलींच्या हाती मातीचं जातं, चूल, भांडी. पूजा झाली की गल्लीगल्लीत बैलांची वरात निघते. नागपूरकरांना हे वाचताना तान्हा पोळ्याचे लाकडी बैल आठवतील. हे साम्य सहज आलेलं आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग झाला. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ पर्यंत कारभार केला. दोन्ही मुलखांत बैलावर जीव लावणारे शेतकरी राहत होते, आणि ये-जा करणाऱ्या माणसांबरोबर रीतीही ये-जा करत होत्या.

मातीचा बैल घरी करताना एकच शास्त्र सांभाळायचं असतं. जाड गोळ्याच्या पोटात ओल राहिली तर भाजताना तिची वाफ होते आणि वस्तू तडकते. म्हणून पोट पोकळ ठेवायचं, चार-पाच दिवस सावलीतच वाळवायचं, आणि पायांत बांबूच्या काडीसाठी आरपार भोक ठेवून चाकं वेगळी करायची.

माती माणसाला किती सोबत देऊ शकते याची छत्तीसगडमधली सर्वात मोठी कहाणी सोनाबाई रजवार यांची आहे. सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुत्रा गावच्या या बाईला लग्नानंतर नवऱ्यानं सुमारे १५ वर्षं घराबाहेर जाऊ दिलं नाही. बोलायला, हसायला शेजार नव्हता. लहान मुलाला खेळणी हवीत म्हणून त्यांनी अंगणातल्या मातीचे प्राणी केले. मग पक्षी, माकडं, नाचणारी माणसं, झाडं भिंतींवर उमटत गेली. ऊन अडवायला त्यांनी बांबूच्या कांबीवर माती लिंपून गोल-गोल जाळ्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि त्या जाळ्यांत पाखरं बसवली. रंगही त्यांनी घरातल्या आणि परसातल्या वस्तूंतून काढले. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनची माणसं त्या घरापर्यंत पोचली, त्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे त्यांचं काम परदेशातल्या संग्रहालयांतही गेलं. २००७ मध्ये त्या वारल्या. त्यांनी गावातल्या कितीतरी जणांना हे काम शिकवलं. ज्या बाईला मैत्रीण मिळाली नव्हती, तिच्या हातून शेजारच्या घरांना एक कला मिळाली.

मेण वितळतं, बैल उरतो

छत्तीसगडची जगाला ठाऊक असलेली कला म्हणजे ढोकरा काम. बस्तरमधल्या कोंडागावचे घडवा कारागीर आणि छत्तीसगडमधल्याच रायगढजवळच्या एकताल गावचे झारा कारागीर ते करतात. आधी माती आणि भाताचं तूस मिसळून आतला गाभा करायचा. त्यावर मधमाशीच्या मेणाचे दोऱ्यासारखे धागे शेजारी-शेजारी गुंडाळून अंग, दागिने, डोळे घडवायचे. वर पुन्हा मातीचे थर. भट्टीत ठेवल्यावर मेण साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी पोकळी उरते. त्या पोकळीत नऊशे अंशांच्या पुढे तापवून वितळवलेलं पितळ ओततात. तूस जळून गेल्यामुळे मातीत बारीक छिद्रं राहतात आणि त्यांतून वायू बाहेर पडतो, नाहीतर पितळात फुगे धरले असते. शेवटी साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू होते आणि तिची जुळी जगात कुठेही नसते. मोहेंजोदडोच्या नर्तकीची मूर्ती याच मेणसाच्याच्या पद्धतीनं केलेली आहे.

कोंडागावच्या जयदेव बघेल यांनी हे काम गावाच्या देवळीतून देशोदेशींच्या दालनांत नेलं. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे शिल्पगुरू हा सन्मानही मिळाला. मेणाचे धागे वळण्याचा भाग मुलांना घरी सहज करता येतो. ओतकाम मात्र भट्टीचंच, ते जाणत्या कारागिराकडेच पाहावं.

राज्यानं आपल्या सन्मानासाठी काढलेला गमछाही याच वाटेनं गेला आहे. हातमागावर विणलेल्या त्या गमछ्यावर धानाच्या लोंब्या, नांगर धरलेला शेतकरी, रानम्हैस, पहाडी मैना आणि मांदर हा ढोल ही चित्रं गोदण्याच्या शैलीत आहेत, आणि काठावर सरगुजाच्या भिंतींवरच्या नक्षीची छाप आहे. पाहुण्याच्या खांद्यावर तो पडतो तेव्हा सन्मान एका माणसाचा होतो आणि ओळख सगळ्या मुलखाची.

भिलाईच्या क्वार्टरांत

भिलाईत कारखान्याच्या कामासाठी देशाच्या प्रत्येक भागातून माणसं आली. सेक्टरांमधल्या क्वार्टरांत तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, मराठी घरं शेजारी-शेजारी वाढली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं राज्य झालं, तेव्हा या घरांतली दुसरी पिढी तिथेच नोकरीला लागलेली होती आणि तिसरी शाळेत जात होती. या मुलांचं ‘आपलं राज्य’ कोणतं? आजोबांच्या गावी वर्षातून एकदा जाणारं मूल ज्या मातीत खेळतं, ज्या तळ्याकाठी फिरतं, ते राज्य त्याचंच आहे. हे त्याला सांगायचं कसं, याचं सुंदर उत्तर हातकामात आहे.

या मुलखाशी मराठी माणसानं मैत्रीचं नातं आधीही जोडलं आहे. छत्तीसगडमधल्या पेंड्रा इथून जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे यांच्याबरोबर मासिक काढलं, त्याचं नाव ‘छत्तीसगढ मित्र’. पुढे सप्र्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. मातृभाषा मराठी, कर्मभूमी छत्तीसगड, आणि दोघांमध्ये पूल बांधण्याची हौस, अशी ही माणसं होती.

तोच पूल आज मुलं बांधू शकतात. भिलाईतल्या शाळांनी वर्षभराचं हातकाम ऋतूंप्रमाणे मांडावं: श्रावणात भोजली, पोळ्याला नंदिया बैल, कापणीनंतर फाता, आणि राज्योत्सवात या सगळ्याचं प्रदर्शन. प्रत्येक वस्तू दोघांनी मिळून करावी, आणि ते दोघं शक्यतो वेगळी भाषा बोलणाऱ्या घरांतले असावेत. जवळच्या गावातल्या एखाद्या आजीला, कुंभाराला, बांबूची टोपली विणणाऱ्याला शिकवायला बोलवावं आणि त्यांच्या वेळेचं योग्य मानधन द्यावं. वस्तूखाली ती कुणी शिकवली त्या व्यक्तीचं आणि गावाचं नाव लिहावं. चमकी, थर्माकोल आणि प्लॅस्टिकची फुलं बाजूला ठेवून माती, काडी, दाणा यांनाच हात लावू द्यावा. धानाची लोंबी हातात घेऊन गुंफलेल्या मुलाला ‘धान का कटोरा’ म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही.

मितानाच्या रीतीतून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथे वस्तू दिल्यावर काम संपत नाही, जबाबदारी सुरू होते. भोजली दिली म्हणजे तिच्या घरच्या सुखदुःखाला जाणं आलं, तिच्या आईला फूल दाई म्हणणं आलं, भांडण झालं तरी नातं न तोडणं आलं. हस्तकलेच्या तासाला केलेल्या वस्तूबरोबर एवढी एक जबाबदारीही मुलांच्या हाती दिली, तर एका दुपारच्या हौसेतून वर्षानुवर्षांची सोबत उभी राहील. पुण्यात असा, नागपुरात असा की भिलाईत, येत्या श्रावणात मूठभर गहू भिजवताना आधी एवढंच ठरवा, की हे अंकुर कुणाच्या कानामागे खोचायचे, आणि त्या माणसासाठी पुढे आपण काय-काय करायला तयार आहोत.